फिदियाचा डबा

आमच्या अब्बांनी उभ्या आयुष्यात दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत, रमजानचे रोजे आणि वाद. रोजा निदान संध्याकाळी सुटायचा. वाद मगरीबच्या अजानीनंतरही चालू राहायचा. सूतवाल्याशी, लाईटबिलवाल्याशी, भाजीवाल्याशी, जावयाशी, ज्याच्या नशिबात असेल त्याच्याशी. भिवंडीत आमच्या गल्लीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खडखड कधी थांबत नाही, त्यामुळे इथली माणसं मोठ्यानं बोलायलाच शिकतात, पण अब्बांचा आवाज त्या खडखडीच्याही वरून ऐकू यायचा. मी त्यांचीच लेक. मी शिकवते त्या शाळेत मुलं मला घाबरतात आणि घरी नवरा जपून बोलतो. खाण तशी माती, दुसरं काय.

असा माणूस एक दिवस जिन्याच्या मध्यावर थांबला आणि त्यानं समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तेव्हाच कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय. पण आम्ही खूश झालो. अम्मा म्हणाली, उशिरा का होईना, अक्कल आली. खरं म्हणजे त्यांना बोलायला दम पुरत नव्हता. मग पायांवर सूज आली. चप्पल घट्ट झाली म्हणून त्यांनी नवी चप्पल आणली. मग आडवं झालं की गुदमरायला लागलं, तर ते उशीवर उशी रचून बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागले. जवळच्या काल्हेर गावचे त्यांचे एक जुने दोस्त आहेत, त्यांच्या भातशेतीच्या जागी आता गोदामं उभी आहेत. ते म्हणाले, "वज्रेश्वरीला चल. गरम कुंडात पाय बुडव. सूज कशी उतरत न्हाय ती मी बगतो." दोघे म्हातारे खरंच गेले. परतीच्या वाटेवर अब्बांना श्वास घेता येईना, तेव्हा त्या काकांनी गाडी घरी न आणता सरळ दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. कुंडानं सूज उतरली नाही, पण त्या फेरीनंच अब्बा वाचले असं मी आजही मानते.

हृदयाच्या डॉक्टर मॅडमनी मला आणि माझ्या भावाला वेगळं बसवलं. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. हळू बोलणाऱ्या माणसांची मला भीती वाटते, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ऐकावं लागतं. त्या म्हणाल्या, हृदय कमजोर झालंय, रक्त पुढे ढकलायची ताकद उरलेली नाही. आणि साखर-बीपीनं इतक्या वर्षांत किडन्याही खराब केल्यात. हृदय कमी पडतं म्हणून किडनीला रक्त पोचत नाही, मग किडनी अंगातलं पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी पुन्हा हृदयावरच चढतं. पाणी काढायची गोळी वाढवली तर छाती मोकळी होते, पण किडनी रुसते. किडनीला सांभाळायला गेलं तर हृदयाची चांगली औषधं हात राखून द्यावी लागतात.

"म्हणजे किती...?" भावानं विचारलं आणि पुढचा शब्द गिळला.

"नुसतं हृदय असतं तर मी वेगळं बोलले असते," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही एकत्र असलं की आयुष्य कमी होतं, हे खरं आहे. किती, ते मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. माझे असे पेशंट आहेत जे मला खोटं ठरवून वर्षानुवर्षं येतायत. आणि असेही आहेत जे चांगले चालते-बोलते होते आणि अचानक गेले. हा बरा होणारा आजार नाही. सांभाळायचा आजार आहे. वजन, मीठ, पाणी, गोळ्या, एवढं ज्यांच्या घरात नीट होतं त्यांचे दिवस चांगले जातात."

घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं. तिथे टक्केच टक्के होते. दोन पानं वाचली आणि मोबाईल उलटा करून ठेवला. माझे अब्बा टक्क्यांत कुठे बसतात हे त्या पानाला कसं कळणार.

भावानं आणि मी ठरवलं की अब्बांना यातलं काही सांगायचं नाही. अम्मालाही नाही. अम्माला साधा ताप सांगितला तरी ती मन्नत बोलून मोकळी होते. तिला आम्ही एवढंच सांगितलं की गोळ्या वेळेवर घेतल्या की बरे होतील. आमच्या घरात आणि मला वाटतं सगळ्याच घरांत ही रीत आहे. आजारी माणसाला सोडून सगळ्यांना त्याचा आजार माहीत असतो.

मग आमचं अळणी राज्य सुरू झालं. अब्बांसाठी वेगळं शिजवायचं नाही, जे त्यांचं तेच सगळ्यांचं, असा हुकूम अम्मानं काढला आणि मिठाची बरणी माळ्यावर चढवली. सुका बोंबील, सुकट, पापड, लोणचं सगळं गेलं. भावाला अचानक बाहेर खूप कामं निघू लागली आणि तो जेवूनच घरी यायला लागला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, माझं आपलं बरं होतं. सकाळी उठल्यावर अब्बांना वजनकाट्यावर उभं करायचं आणि दिवसाचं सगळं पाणी एका लिटरच्या बाटलीत भरून द्यायचं, हे काम माझ्याकडे आलं. चहा असो, सरबत असो, पातळ डाळ असो, तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. अब्बा पहिल्या दिवशी चिडले. म्हणाले, "मी काय कैदी हाय?" दुसऱ्या दिवसापासून मात्र ते स्वतःच बाटलीवर नजर ठेवायला लागले. तहान लागली की तोंडात वेलदोडा धरायचे. वादाशिवाय त्यांनी मान्य केलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

भेटायला येणारे शहाळी आणायचे. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही आणि शहाळ्यासारखं थंड, गुणाचं काही नाही, हे तर आपल्याकडे घुटीबरोबर पाजलेलं असतं. आता मॅडमनी बजावलं होतं की किडनी खराब असताना शहाळं म्हणजे विषच समजा, त्यातलं पोटॅशियम बाहेर जात नाही आणि हृदय बंद पाडू शकतं. पण आणणाऱ्याला हे सांगायचं कुणी? अम्मा हसून शहाळी घ्यायची आणि संध्याकाळी अब्बांच्या लूमच्या कारखान्यात वाटून टाकायची. आमच्या लूमवरचे कामगार त्या दिवसांत फारच तब्येतीत होते.

असं सगळं नीट चाललेलं असताना अब्बांचं वजन वाढायला लागलं. सूज परत आली. मॅडमनी विचारलं, बाटलीशिवाय काही पितात का? अम्मा छातीला हात लावून म्हणाली, "थेंब न्हाय." आणि ती खोटं बोलत नव्हती. माझा एक मावसभाऊ मक्केला उमरा करून आला होता आणि त्यानं जमजमचं पाणी आणून दिलं होतं. अम्मा नमाजनंतर शिफाची, बरं वाटण्याची दुआ मागून अब्बांना पेला भरून ते द्यायची, प्रत्येक नमाजनंतर. तिच्या हिशेबी ते पाणी नव्हतंच. मक्केहून आलेली बरकत बाटलीत कोण मोजतो? मला ते ठाऊक होतं, डोळ्यांसमोर होतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही की ते अंगात जाऊन पाण्यासारखंच वागणार. मॅडमनी पुन्हा खोदून विचारलं आणि मी ते सांगून टाकलं, तेव्हा अम्मानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी जमजमची चहाडी केली.

मॅडमनी अम्माकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पवित्र आहे, ते मी कसं बंद करू? फक्त बाटलीत धरा." आणि अब्बांनी तिथल्या तिथे तोडगा काढला. बाटलीतला दिवसाचा पहिला घोट जमजमचा. तेवढंच. "दुआ घोटानं लागते, पेल्यानं न्हाय," ते अम्माला म्हणाले. मला त्या दिवशी दोघांचाही फार अभिमान वाटला, मॅडमचा आणि अब्बांचा. अम्मा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग रमजान आला.

अब्बांनी जाहीर केलं की ते रोजे ठेवणार. मॅडमसमोर त्यांनी मुद्दा मांडला, आणि मुद्दा असा होता की त्याला तोड नव्हती. "तुम्हीच सांगता पाणी कमी प्या, खाणं कमी खा. रोजा म्हणजे दुसरं काय हाय? तुमचं औषध आणि अल्लाचा हुकूम एकच झाला." मॅडम चक्क हसल्या. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की पाण्याची गोळी घेऊन दिवसभर कोरडं राहिलं तर किडनी बसेल, आणि संध्याकाळी एकदम पाणी गेलं तर छाती भरेल. म्हणाल्या, "मी तुम्हाला नको म्हणतेय, पण तुमच्या धर्मात काय सवलत आहे ते तुम्ही तुमच्या माणसांना विचारा. माझ्यापेक्षा ते नीट सांगतील."

म्हणून मौलाना घरी आले. मोहल्ल्यातले, अब्बांचा स्वभाव ओळखून असलेले, धीराचे. चहा झाला, अब्बांनी आपल्या वाट्याचा अर्धा कप बाटलीतून वजा केला. मौलाना म्हणाले की आजाऱ्याला रोज्याची माफी आहे, यात शंकाच नाही. प्रश्न एवढाच की पुढे काय करायचं. आजार बरा होणारा असेल तर सुटलेले रोजे बरं झाल्यावर भरून द्यायचे, त्याला कजा म्हणतात. आणि आजार असा असेल की बरं व्हायची उमेदच नाही, तर प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरजवंताच्या पोटात अन्न घालायचं. तो फिदिया.

"तेव्हा डॉक्टर काय म्हणतात?" मौलानांनी विचारलं. "बरं होणारं दुखणं आहे का?"

इतके महिने जो प्रश्न आम्ही घरात येऊ दिला नव्हता, तो असा समोर येऊन बसला. एरवी बगल देता आली असती, नातेवाइकांना देत होतोच. पण इथे उत्तरावर अब्बांचा रोजा अवलंबून होता. कजा म्हणजे तुम्ही बरे होणार. फिदिया म्हणजे होणार नाही. मधली वाट नव्हती. भाऊ खाली बघत होता. माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"बरे होतील की," अम्मा म्हणाली. "का न्हाय होणार?"

भावानं लगेच धागा पकडला. "डिसेंबरात ठेवतील, मौलाना. थंडीत. दिवस लहान, तहानही नसते."

मौलानांनी एकदा आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि मान हलवली. ठीक आहे, मग कजा. अब्बा नुसतं "बरं" म्हणाले. या माणसानं एका वाक्यावर "बरं" म्हटलं आणि विषय संपला, असं मी तरी कधी बघितलं नव्हतं. पण त्या वेळी मला एवढंच वाटलं की सुटलो.

रमजान सुरू झाला. अब्बा रोजा नसताना पहाटे सेहरीच्या जेवणाला उठून बसायचे, दिवसा पडद्याआड चार घास खायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अम्माला म्हणाले की इफ्तार मी कारखान्यात करीन, तुमच्या पंगतीत बिनरोज्याचा बसायला लाज वाटते. कारखाना घराच्या मागच्याच गल्लीत. तिथल्या कामगारांसाठी घरून इफ्तारी जायचीच, दरवर्षीची पद्धत होती. पण अब्बांनी आपल्यासाठी वेगळा डबा मागितला. पोळी, भात, कालवण, सगळं. जे घरात शिजेल ते. आणि डबा ते स्वतः घेऊन जायचे, हळूहळू, भिंतीला हात लावत. भाऊ म्हणाला पोचवतो, तर त्याला गप्प बसवलं.

डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. आम्ही खूश. भूक लागतेय म्हणजे तब्येत सुधारतेय. वजनकाटाही गप्प होता.

एका संध्याकाळी इफ्तारनंतर मी अम्माकडे भांडी घासायला बसले. डब्याच्या खालच्या पुड्यात कोळंबीच्या कालवणाचा तळ राहिला होता. मी सहज बोट लावून चाखलं. खारट. म्हणजे तसं बरोबरच, जगातल्या कुठल्याही घरात असतं तसं, पण या अळणी घरात ते खारटच म्हणायचं. मी हात धुतले आणि मनात आलं, हा म्हातारा कारखान्यात बसून मीठ खातोय. इतक्या महिन्यांची आमची तपश्चर्या, आणि हा पुडीतून मीठ काढून कालवणात टाकतोय. मला असा संताप आला की त्या रात्री नवऱ्याला कारण नसताना बोलले.

दुसऱ्या दिवशी अजानीच्या जरा आधी मी कारखान्यात गेले, रंगेहाथ पकडायला. लूम थांबले होते. रमजानात त्या एका वेळेला आमची गल्ली गप्प होते आणि माणसाला स्वतःच्या चपलेचा आवाज ऐकू येतो. कामगार पुढच्या अंगणात बसले होते. अब्बा मागच्या खोलीत होते. मी दारातच उभी राहिले.

चटईवर आमचे जुने कामगार चाचा बसले होते. उत्तरेकडून पोरवयात आलेले, अब्बांच्या लूमवर हयात घालवलेले. आता छातीत कापसाची रुई बसलीय, लूम झेपत नाही, म्हणून दाराशी राखणीला बसतात. घरचे सगळे गावाला, इथे एकटे. त्यांच्यापुढे ताट होतं आणि अब्बा डब्यातलं एकेक काढून त्या ताटात वाढत होते. ज्या माणसानं घरात कधी स्वतःचा पेला स्वतः उचलला नाही, तो वाकून, धापा टाकत, कोळंबी नीट मध्यावर येईल अशी वाढत होता. अब्बांच्या पुढ्यात ताट नव्हतं. त्यांची बाटली होती, फक्त.

"तुम्ही काय खाताय?" मी विचारलं.

"काय न्हाय. बघ." त्यांनी हातातला चमचा दाखवला.

तेवढ्यात अजान झाली. चाचांनी आपल्या खजुरांतला एक माझ्यापुढे धरला. "पहले रोजा खोल लो, बेटी. गुस्सा बाद में." मी खजूर घेतला, पाणी प्यायले. मग विचारलं की इफ्तारी सगळ्यांना येतेच, मग हा डबा वेगळा कशासाठी. चाचांना वाटलं असणार की मला ठाऊकच आहे. ते सरळ मनानं म्हणाले, "ये तो फिदये का खाना है. सेठ ने पहले ही दिन पूछ लिया था, बुरा ना मानो तो खिलाऊं. मैंने कहा, इतने साल आपका नमक खाया है, अब क्या पूछना."

मिठाचा प्रश्न माझ्या डोक्यातून पार गेला. फिदिया. म्हणजे अब्बांनी स्वतःच स्वतःचा निकाल लावला होता. आम्ही त्यांना डिसेंबर देऊन बसलो होतो आणि हे रोज संध्याकाळी, हातात डबा घेऊन, भिंत धरत, कबूल करायला जात होते की मी बरा होणार नाही.

घरी परतताना मी त्यांचा हात धरला. नेहमी झटकतात, त्या दिवशी झटकला नाही. मला रडायला येत होतं आणि रस्त्यात रडायची लाज वाटत होती.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच," ते म्हणाले. चार पावलं चालून श्वासासाठी थांबले. "मौलानांनी विचारला, तवा तुझी आय बोलली, तुझा भाऊ बोलला. मी तुझ्याकडं बघत होतो. तू जन्मल्यापासून कदी गप बसली न्हायस, बाय. त्या दिवशी बसलीस. मना कळला."

मग त्यांनी सांगितलं की दुसऱ्याच दिवशी मशिदीत मौलानांना बाजूला घेऊन ते म्हणाले होते, घरच्यांनी सांगितलं ते विसरा, हे बरं होणारं दुखणं न्हाय. मौलाना म्हणाले, मापभर तांदूळ दिला तरी फिदिया होतो, एवढी दगदग नको. पण अब्बांना ते पटलं नाही. "तांदूळ दिला की विसरायला होतं. माणूस समोर जेवला की त्या दिवसाचा रोजा झाल्यासारखा वाटतो."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. वाटनार न्हाय काय. पण खोटी कजा डोक्यावर ठेवून जायाची जास्त वाटते." कोपऱ्यावर ते पुन्हा थांबले. "आयला सांगू नको. तिला डिसेंबर राहू दे."

त्या दिवसापासून माझा बाप मला वेगळा दिसायला लागला. मी त्यांच्यावर प्रेम केलं होतं, त्यांच्याशी भांडले होते, त्यांचा राग राग केला होता. त्यांचं कौतुक वाटायची वेळ मात्र तेव्हा आली. आणि मला स्वतःच्या शाळा-कॉलेजचं, इतक्या वाचण्याचं काय करावं कळेना, कारण इतकी सरळ गोष्ट मला कुठे भेटली नव्हती.

ईदनंतर आम्ही मॅडमकडे गेलो, दोघंच. अब्बांनी सांगितलं, "आता माझ्याशीच बोला. मना वर्षं सांगू नका, ती तुमच्या हातात न्हायत. मना सांगा पुढं काय काय येईल." मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं. प्रत्येक वेळी दाखल व्हावं लागलं की थोडी ताकद कायमची जाईल. किडन्या अजून बिघडल्या तर मशीनवर रक्त धुवायचा प्रश्न येईल, आणि इतक्या कमजोर हृदयाला मशीन सोसेलच असं नाही. तेव्हा करायचं की नाही हे आधीच ठरवलेलं बरं. आणि काळजी घेतली तर चांगले महिने हातात आहेत, ते वाया घालवू नका.

"ती वेळ आली तर पोरांना विचारू नका," अब्बा म्हणाले. "पोरं घाबरतात. मनाच विचारा. मी शुद्धीत नसलो तर हिला विचारा. ही खरं बोलते. न्हाय तर गप बसते."

मॅडम उठून दारापर्यंत सोडायला आल्या. असं त्या कुणासाठी करत असतील असं वाटत नाही.

पावसाळ्यात अब्बांना एकदा दाखल करावं लागलं. पाणी छातीत भरलं होतं. आले ते अजून हलके होऊन आले, आवाज खोल गेला, तरी वॉर्डात पंख्याच्या वेगावरून शेजारच्या पेशंटशी त्यांचं वाजलं, तेव्हा मला हायसं वाटलं. काल्हेरचे काका रोज यायचे. शहाळ्याऐवजी आता गप्पा आणायचे. वडप्याच्या रस्त्यावर कुठलं गोदाम नवीन उठलं, कुणाच्या शेताला काय भाव आला, असलं सगळं.

आणि मग डिसेंबर आला. अब्बा होते. मॅडम म्हणाल्या होत्या ना, असेही असतात. सकाळी गारवा सुटला, अम्मानं गोधड्या काढल्या आणि मी तिच्या तोंडाकडे बघत दिवस काढायला लागले. आज म्हणेल, उद्या म्हणेल, थंडी आली, आता ह्यांचे कजा रोजे. तेव्हा काय उत्तर द्यायचं? अब्बांनी सांगू नको म्हटलं होतं. अम्मा उन्हात बसून लसूण सोलायची, नातवंडांवर ओरडायची, अब्बांच्या पायांना तेल लावायची आणि रोज्यांचं नाव काढायची नाही. एक आठवडा, दुसरा आठवडा.

शेवटी मलाच राहवलं नाही. अब्बा आत झोपले होते, उशांना टेकून. मी स्वयंपाकघरात अम्माजवळ बसले. "अम्मा, ते डिसेंबरचे रोजे..."

"कसले रोजे?" ती म्हणाली. लसणावरची नजर तिनं काढली नाही. "फिदिया दिलाय ना त्यांनी."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"अळणी कालवणाला तोंड वाकडं करनारा मानूस. पहिल्याच दिवशी डबा चाटून आनला. मना तवाच कळला, जेवनारा दुसरा हाय." तिनं लसणाची सालं सुपात गोळा केली. "मौलानांपुढं मी म्हटला बरे होतील. कोनीतरी म्हनाया पायजे होता, तुम्ही दोघं तर मान खाली घालून बसलेलात. ह्यांना वाटतं मना म्हाईत न्हाय. वाटू दे."

आणि मग मला ते बोटाला लागलेलं कालवण आठवलं. माळ्यावर चढवलेली बरणी आठवली. उरलेला सगळा रमजान, रोज्यात असल्यामुळे जिभेला न लावता, नुसत्या अंदाजानं, या बाईनं रोज एक वेगळं भांडं उतरवलं होतं.

"मीठ तू घालत होतीस," मी म्हणाले.

"मग?" अम्मा म्हणाली. "फिदियाचा जेवान अळणी पाठवायचा?"